शिशाच्या डब्यातली गाय

वही-पेन घ्या, एक गणित घालते.

मुंबईहून एक डबा निघाला. आत इंजेक्शनच्या औषधाचे १०० भाग. डबा सीलबंद, कुठे गळत नाही, वाटेत कुणी उघडलाही नाही. सुरतमार्गे येणाऱ्या गाडीने तो नंदुरबार स्टेशनवर उतरला. प्रवासाला आठ तास लागले असं धरू. तर आता डब्यात किती औषध उरलं?

"शंभर भाग!" म्हणून ओरडलात ना? चूक. उत्तर आहे चाळीस. फारच काटेकोर मास्तर असतील तर ३९.७.

उरलेलं औषध सांडलं नाही, वाळलं नाही, उंदरानेही खाल्लं नाही. हे औषध टेक्निशियम-९९एम नावाच्या किरणोत्सारी मूलद्रव्याचं आहे. त्याचा प्रत्येक अणू बहुतेक वेळा एक गॅमा किरण बाहेर फेकतो आणि आपल्या दृष्टीने त्याचं काम तिथेच संपतं. दर सहा तासांनी निम्मे अणू असे कामातून जातात. या सहा तासांना त्याचं अर्धायुष्य म्हणायचं. म्हणजे सहा तासांनी १०० चे ५०, आणखी सहा तासांनी २५, मग साडेबारा. यातली खरी गंमत वेगळीच आहे. निम्मे जाणार हे नक्की, पण कुठला अणू कधी जाणार हे जगातला कुठलाही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. एखादा अणू पहिल्याच सेकंदाला जातो, शेजारचा दोन दिवस ढिम्म बसून राहतो. आणि डबा फ्रीजमध्ये ठेवा नाहीतर उकळत्या पाण्यात, वेग तोच.

आता याहून घाईचं एक औषध पाहू. फ्लोरिन-१८. अर्धायुष्य ११० मिनिटं. सकाळी त्याचे १०० भाग निघाले, तर नवापूर स्टेशन मागे पडेपर्यंत सहा-सात उरले असतील. (नवापूर स्टेशन माहीत आहे ना? अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत!) नंदुरबारला डबा उघडला तर जेमतेम पाच भाग हाती लागतील.

म्हणजे अशी औषधं दुकानात बाटल्या मांडून विकता येत नाहीत. मग अणुभट्टीपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दवाखान्यात टेक्निशियम पोचतं कसं?

युक्ती अशी, की औषध पाठवायचंच नाही. औषधाची आई पाठवायची.

टेक्निशियम-९९एम जन्माला येतं मॉलिब्डेनम-९९ पासून. या मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य आहे ६६ तास. आठ तासांच्या प्रवासानंतरही त्याचे १०० पैकी ९२ भाग शिल्लक असतात. तेव्हा शिशाच्या जाड डब्यात मॉलिब्डेनम भरून पाठवतात आणि दवाखान्यात रोज सकाळी त्यातून ताजं टेक्निशियम काढतात. त्या डब्याचं कागदोपत्री नाव जनरेटर. पण जगभरच्या प्रयोगशाळांत त्याला लाडाने "गाय" म्हणतात, आणि औषध काढण्याला "दूध काढणं"! हे मी तुमच्यासाठी रचलेलं नाही, मोठमोठे डॉक्टर खरंच असं बोलतात.

गाईच्या पोटात काय असतं? काचेची एक बारीक नळी, तिच्यात ॲल्युमिनाची पांढरी भुकटी ठासून भरलेली. मॉलिब्डेनम या भुकटीला घट्ट चिकटून बसतं. त्यातून तयार होणारं टेक्निशियम मात्र नीट चिकटत नाही. आता नळीच्या एका टोकाला सलाइन, म्हणजे मिठाचं निर्जंतुक पाणी लावायचं आणि दुसऱ्या टोकाला हवा काढून घेतलेली रिकामी बाटली. बाटलीतल्या पोकळीमुळे पाणी आपोआप नळीतून ओढलं जातं, जाताजाता टेक्निशियम धुऊन नेतं आणि बाटलीत जमा होतं. मॉलिब्डेनम जागच्या जागी. पंप नाही, मोटर नाही. दूध काढल्यावर गाय रिकामी होते, पण आत मॉलिब्डेनमचं काम चालूच असतं. सहा तासांत निम्म्याच्या आसपास टेक्निशियम पुन्हा साठतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाय पुन्हा भरलेली. अर्थात रोज थोडं कमी. आठवड्याने साधारण सहावा हिस्सा उरतो आणि नवी गाय मागवावी लागते.

टेक्निशियमची जन्मकथाही ऐका. मूलद्रव्यांच्या तक्त्यात ४३ नंबरची खुर्ची बरीच वर्षं रिकामी होती. १९३७ मध्ये इटलीतल्या पालेर्मोमध्ये एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरियर यांना ते सापडलं, तेही अमेरिकेतल्या एका सायक्लोट्रॉन यंत्राचा वापरून झालेला मॉलिब्डेनमचा पत्रा टपालाने मागवून! पुढे १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी ही गाय बनवली. तेव्हा याचा प्रयोगशाळेबाहेर फारसा उपयोग होईल असं वरच्यांना वाटलं नव्हतं. आज जगात दरवर्षी काही कोटी तपासण्या याच टेक्निशियमवर होतात.

आपल्या महाराष्ट्रात या गोष्टीचं माहेर आहे मुंबईचं ट्रॉम्बे. तिथे १९५६ मध्ये अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली, १९८५ मध्ये १०० मेगावॉटची ध्रुव आली. अशा भट्ट्यांमध्ये औषधासाठी लागणारे किरणोत्सारी अणू तयार करतात. ते तपासून, शिशाच्या डब्यांत बंद करून देशभरच्या दवाखान्यांना धाडण्याचं काम 'ब्रिट' ही सरकारी संस्था करते. तिची स्थापना १९८९ ची आणि तिचं मोठं संकुल वाशीला. आणि हे औषध टोचून तपासणी कशी करायची याची देशातली एक जुनी शाळा म्हणजे परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर. होमी भाभांच्या पुढाकाराने ते १९६३ मध्ये सुरू झालं.

पण मुळात हे औषध टोचायचंच कशाला?

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलं उदाहरण घेते. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागात सिकल सेल हा शब्द कुणाला नवा नाही. या आजारात रक्तातल्या गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांना सिकल सेलच्या काही लहान मुलांबद्दल एक कोडं पडलं. या मुलांच्या पोटात डावीकडे असते ती प्लीहा, म्हणजे पांथरी, हाताला चांगली मोठी लागत होती. तरी तिची कामं होत नसल्याची चिन्हं रक्तात दिसत होती. मग त्यांनी टेक्निशियमला गंधकाच्या अतिसूक्ष्म कणांची जोड दिली आणि टोचलं. असे कण रक्तातून वेचून काढणं हे यकृताचं आणि प्लीहेचं रोजचं काम. गॅमा किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याखाली यकृत झगझगीत दिसलं. प्लीहेच्या जागी अंधार! प्लीहा पोटात होती, पण जंतू आणि कचरा गाळण्याचं काम तिने बंद केलं होतं. सिकल सेलच्या बाळांना जंतुसंसर्गापासून इतकं का जपावं लागतं, लसी आणि पेनिसिलिनचा आग्रह का, ते या चित्राने लख्ख कळलं.

एक्स-रे काढला तर अवयवाचा आकार दिसतो. या तपासणीत अवयव काम करतोय की नाही ते दिसतं. टेक्निशियमला कुणाची जोड द्यायची, त्यावर ते कुठे जाणार हे ठरतं. एका पावडरीत मिसळलं तर हाडांत, दुसरीत मूत्रपिंडात, तिसरीत हृदयाच्या स्नायूत. या पावडरींना 'कोल्ड किट' म्हणतात, कारण त्यांच्यात स्वतःचा किरणोत्सार नसतो. आणि औषध लागतं किती? मोठ्या माणसाच्या हाडांच्या तपासणीला साधारण २० मिलिक्युरी (हे किरणोत्सार मोजण्याचं एकक). वजनात सांगायचं तर एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले जेमतेम चार. तरी त्यात सुमारे २३ लाख कोटी अणू असतात! मुलांना वजनाप्रमाणे याहूनही कमी देतात.

आता तुमच्या मनातला प्रश्न मला ऐकू येतोय. औषध पेशंटच्या अंगात टोचतात ते चालतं, आणि टोचणारी सिस्टर मात्र शिशाच्या आडून काम करते. हा कुठला न्याय?

न्याय बरोबर आहे. पेशंटला हे इंजेक्शन वर्षा-दोन वर्षांत एखादं मिळतं, आणि त्याला त्यातून आजाराचा पत्ता लागतो. देणाऱ्याला रोज दहा-वीस पेशंट. त्याची बोटं रोज सिरिंजला चिकटलेली, आणि त्याचा त्यातून काही फायदा नाही. म्हणून काळजी देणाऱ्याचीच जास्त घ्यावी लागते.

सुरुवातीला हे कुणाला ठाऊक नव्हतं. किरणोत्सार शोधणाऱ्या आंरी बेकरेल यांनी १९०१ मध्ये रेडियमची नळी खुशाल जाकिटाच्या खिशात ठेवली होती, आणि काही दिवसांनी तिथली कातडी भाजल्यासारखी झाली. मारी क्युरींच्या वह्या आजही पॅरिसमध्ये शिशाचं अस्तर असलेल्या पेट्यांत ठेवतात. १९२० च्या दशकात बॉस्टनच्या हर्मन ब्लुमगार्ट यांनी एका हातात किरणोत्सारी द्रव टोचून दुसऱ्या हातापाशी तो कधी पोचतो हे मोजलं. साधारण १८ सेकंद लागली. रक्त इतकं भरभर फिरतं हे त्यातून कळलं. मोजमाप सुंदर, पण तेव्हाची त्यांची साधनं आजच्या तपासनीसाने पाहिली तर तो खोलीला कुलूपच लावेल.

आज नियम तीनच आहेत आणि ते पाठ करायला सोपे: वेळ, अंतर, आडोसा. जवळ थांबण्याची वेळ कमी करा, अंतर वाढवा, मध्ये आडोसा धरा. हॉट लॅबमधलं, म्हणजे किरणोत्सारी औषध हाताळण्याच्या खोलीतलं, प्रत्येक उपकरण या तिघांपैकी कुणाची तरी चाकरी करतं.

अंतराचा हिशेब तर फारच मजेदार आहे. अंतर दुप्पट केलं की किरणांचा मारा निम्मा होत नाही, पाव होतो. तिप्पट केलं तर नववा भाग. तुमच्या कंपासमधली नव्हे, मोठी ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. बाटली बोटांपासून एक सेंटिमीटरवर असेल त्याऐवजी लांब चिमट्याने ३० सेंटिमीटरवर धरली, तर मारा ९०० पटींनी कमी! एक साधा चिमटा, पण मला विचाराल तर सगळ्या लॅबमधली सर्वांत हुशार वस्तू तीच.

आडोशासाठी शिसं. टेक्निशियमचे किरण तसे मवाळ असतात. पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचं शिसं त्यातले निम्मे अडवतं. तीन मिलिमीटर शिसं असेल तर हजारातला जेमतेम एखादा किरण पार होतो. म्हणून बाटली ठेवतात ती शिशाच्या भांड्यात, लेड पॉटमध्ये. औषध सिरिंजमध्ये भरतात ते एल-बेंचच्या मागे उभं राहून. हा इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा शिशाचा ठोकळा. छातीसमोर शिसं, हात दोन्ही बाजूंनी पलीकडे, आणि डोळ्यांसमोर काच. काच कसली म्हणाल? तिच्यातही भरपूर शिसं मिसळलेलं असतं, म्हणून ती किंचित पिवळसर आणि अतिशय जड असते. आरपार दिसतं, पण किरण बहुतेक अडतात.

भरलेली सिरिंज मग डोस कॅलिब्रेटरमध्ये सोडतात. हे एका अरुंद विहिरीच्या आकाराचं मोजयंत्र. लांब दांड्याने सिरिंज आत सोडायची, आकडा वाचायचा, वर काढायची. दुपारी दोनचा पेशंट असेल आणि औषध सकाळी आठला भरलं असेल तर सहा तासांनी निम्मंच उरणार. म्हणून भरताना दुप्पट भरायचं. आपलं सुरुवातीचं गणित इथे रोज सोडवलं जातं.

आणि टोचताना? तेव्हा तर सिरिंज हातातच धरावी लागते. त्यासाठी सिरिंज शील्ड. सिरिंजवर सरकवायचं टंगस्टनचं नळकांडं, त्याला शिशाच्या काचेची खिडकी, म्हणजे सिरिंजवरच्या रेघा दिसतात. टंगस्टन का? ते शिशाहून खूप घन असतं, जवळजवळ सोन्याइतकं, आणि शिशासारखं मऊ नसतं. पातळ थरातही चांगला आडोसा मिळतो. तरी हाताला जड लागतं, म्हणून काही जण कंटाळून ते काढून ठेवतात. "शील्डने वेळ जास्त लागतो, मग फायदा काय?" असा त्यांचा युक्तिवाद. मला तो पटत नाही. सरावाने वेळ कमी होतो, बोटं मात्र एकदाच मिळतात.

फ्लोरिन-१८ च्या बाबतीत हे सगळं अपुरं पडतं. त्याचा अणू पॉझिट्रॉन नावाचा कण सोडतो. तो शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी दोन गॅमा किरण बरोबर उलट दिशांना सुटतात. पेट स्कॅन यंत्र ही जोडी पकडून नेमकी जागा शोधतं. पण हे किरण दांडगे! निम्मे अडवायला सुमारे चार मिलिमीटर शिसं लागतं, म्हणजे टेक्निशियमच्या कितीतरी पट. भारतात या तपासणीसाठीचा पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या त्याच सेंटरमध्ये बसवला. तपासणी आणि औषधाचा कारखाना एकाच आवारात, म्हणजे ११० मिनिटांची शर्यतच नको.

आणि टोचण्याचं काम? ते आता काही मोठ्या दवाखान्यांत यंत्रच करतं. चाकांवरचं एक कपाट समजा, आत शिसं आणि टंगस्टन ठासलेलं, वजन शेकडो किलो. अनेक पेशंटना पुरेल एवढ्या औषधाची बाटली तिच्या शिशाच्या भांड्यासकट आत ठेवायची आणि दार लावायचं. पेशंटचं वजन, डोस किती ते पडद्यावर भरायचं. मग यंत्र बाटलीतून हवं तेवढं औषध ओढतं, आतल्या आत त्याची तीव्रता मोजतं, आणि पेशंटच्या हातातल्या सुईकडे जाणाऱ्या नळीतून पुढे ढकलतं. पण आधी नुसतं सलाइन पाठवून सुई शिरेत नीट बसली आहे ना हे पाहतात. सुई निसटली असेल तर औषध कातडीखालीच साचेल आणि चित्र बिघडेल. शेवटी पुन्हा सलाइन, म्हणजे नळीत थेंबही मागे राहत नाही. तंत्रज्ञ बटण दाबतो आणि मागे सरकतो. बोटं औषधाजवळ जातच नाहीत. वेळ, अंतर, आडोसा, तिन्ही एका कपाटात.

इतकं करूनही विश्वास ठेवायचा नाही, मोजायचं. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज असतो, बोटात तसलीच अंगठी. बॅजमधल्या चकत्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात. ठरावीक काळाने त्या प्रयोगशाळेत तापवल्या की प्रकाश सोडतात, आणि प्रकाश जितका जास्त तितका किरणांचा मारा जास्त. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक परिषदेने मर्यादा घालून दिली आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे किरणांचा मारा मोजण्याचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. जमीन, दगड, आकाश आणि आपलं अन्न यांच्याकडून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, अगदी तोरणमाळच्या तलावाकाठी बसून राहिलात तरी.

वापरलेल्या सुया, कापूस, हातमोजे यांचं काय करतात? शिशाच्या पेटीत टाकतात, तारीख लिहितात आणि वाट पाहतात. वहीत १ ला दहा वेळा निम्मं करा. उत्तर येईल १०२४ वा भाग. टेक्निशियमची दहा अर्धायुष्यं म्हणजे ६० तास, अडीच दिवस. मग यंत्राने तपासून हा कचरा दवाखान्याच्या इतर कचऱ्यासारखा टाकता येतो. थायरॉइडच्या आजारावर देतात त्या आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवसांचं, तिथे ऐंशी दिवस थांबावं लागतं. किरणोत्सारी कचरा आणि नुसतं थांबून साफ होतो, हे मला या सगळ्यातलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं.

तुमच्या घरातलं कुणी सुरतला, नाशिकला किंवा मुंबईला अशा तपासणीसाठी गेलं, तर घाबरू नका. त्यांना डॉक्टर सांगतील तसं भरपूर पाणी प्यायला लावा, कारण बरंचसं औषध लघवीवाटे बाहेर पडतं. त्या दिवशी लहान बाळाला त्यांच्या मांडीवर फार वेळ बसवू नका. आणि दारावर पिवळ्या पाटीवर तीन पात्यांची खूण दिसली तर आत घुसू नका. बाहेरूनच तंत्रज्ञांना विचारा, "काका, तुमची गाय आज किती दूध देते?"